दुपारी खोटं बोलणारं मशीन

सातव्या महिन्यातच जगात आलेला माणूस तो. आई हयात होती तोवर भेटेल त्याला सांगायची, "अहो, माझ्या पोटात यानं नऊ महिने बूड टेकवलं नाही, तो तुमच्या खुर्चीत काय बसणार?" त्यांच्या गावात तेव्हा ना डॉक्टर होता ना वीज. आजीनं त्याला कापसाच्या टोपलीत घातलं, टोपली चुलीच्या उबेला ठेवली, आणि एका बाजूनं भाजू नये म्हणून थोड्या थोड्या वेळानं ती फिरवत राहिली. घरच्यांचं म्हणणं असं की फिरायची सवय त्याला तिथं लागली ती सुटलीच नाही. म्हणून नाव पडलं भिंगरी. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथंच राहिलं.

भिंगरी खालच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात मशीनं दुरुस्त करायचा. नोकरीला तीस वर्षं होत आली होती, रिटायर व्हायला सहा महिने उरले होते, पण त्याच्या टेबलामागची खुर्ची अजून नवीकोरी होती. जेवायचा तोसुद्धा उभ्यानं. बायको म्हणायची, "घोडासुद्धा कधीतरी बसतो हो." घास तोंडात असतानाच मिक्सरचा स्क्रू पिळत तो म्हणायचा, "घोड्याला कुठं ड्यूटी असते?" हॉस्पिटलच्या प्रत्येक ग्रुप फोटोत तो आहे म्हणतात, पण चेहरा एकातही नाही. मागच्या रांगेत डाव्या हाताला एक पुसट पट्टा दिसतो, तो भिंगरी.

मशीनं त्याला आवडायची कारण ती वाट बघायला लावत नाहीत. चालतं किंवा चालत नाही, तारेत करंट आहे किंवा नाही. मीटर लावला, कळलं, पुढं चला. फक्त एक मशीन त्याच्या मानेवर बसलं होतं आणि उतरत नव्हतं.

ते होतं डोंगरातल्या सगळ्यात वरच्या केंद्रातलं वॉर्मर. वॉर्मर म्हणजे नवजात बाळाची बिनझाकणाची खाट, वर एक तापणारी सळई. बाळाच्या पोटावर बटणाएवढा प्रोब चिकटवायचा. बाळ किती गरम आहे ते हा प्रोब मशीनला सांगतो. बाळ गार झालं की सळई तापते, पुरेसं गरम झालं की विझते. अडाण्यालाही समजेल असं साधं काम.

खाली अशी बारा वॉर्मर एका रांगेत होती. त्यातली चार चादर पांघरून नुसतीच उभी, एखादं बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. वर डोंगरात अकरा केंद्रं, आणि वॉर्मर तिघांकडे, एकेक. खाली दीड किलोचं बाळ आलं की सिस्टर मान वर न करता म्हणायची, "सात नंबरला ठेवा." वर दीड किलोचं बाळ जन्मलं की माणसं आधी घड्याळ बघायची आणि मग रस्त्याकडे. रस्ता चार तासांचा होता.

तर त्या वरच्या केंद्रातून तीन महिन्यांत चार तक्रारी आल्या, चारही एकाच अक्षरात, एकाच वाक्यात: "मशीन दुपारी खोटं बोलतं."

स्टोअरच्या साहेबांनी पहिली तक्रार ऑफिसात मोठ्यानं वाचली तेव्हा टायपिस्टसकट सगळे हसले. "सकाळी खरं बोलतं का ते विचारा," कुणीतरी म्हणालं. भिंगरी चारही वेळा वर गेला. बस अकराला पोचायची, तीच एकला परत निघायची, दुसरी नव्हती. या दोन तासांत त्यानं मशीनचा कणन् कण तपासला. सळई ठीक, वायर ठीक, प्रोब ठीक. चारही वेळा लिहिलं, "दोष आढळला नाही," आणि धावत बस पकडली.

पाचवी तक्रार आली तेव्हा साहेब हसले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून पिवळा फॉर्म काढला.

"तिमाहीत पाच तक्रारी म्हणजे मशीन बाद. नियम आहे."

"बदली दुसरं देणार?" भिंगरीनं विचारलं. तो टेबलाभोवती एक फेरी मारून आला होता.

"त्या केंद्रात वर्षाला बाळं किती? चाळीस. पन्नासच्या आत असेल तर नवीन नाही. जीप घेऊन जा, मशीन उचलून आण, फॉर्मवर सही कर. तुझ्या सहीशिवाय बाद होत नाही."

"आणि बाळं?"

"बाळं खाली येतील. येतातच की. आणि तू जरा एका जागी उभा राहा रे, मला चक्कर येते."

जीपचा ड्रायव्हर म्हणजे भिंगरीचं अगदी दुसरं टोक. सव्वाशे किलोचा शांत माणूस, प्रत्येक गोष्टीला "दमानं घ्या" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच दमानं. चार तासांच्या रस्त्यात भिंगरीनं सतरा वेळा घड्याळ पाहिलं आणि पुढच्या सीटवर बसून, जिथं ब्रेक नव्हता तिथं, उजव्या पायानं ब्रेक दाबत राहिला.

"गाडी मी चालवतोय ना?" दमानंनं विचारलं.

"हो."

"मग तुम्ही कोणती चालवताय?"

वर पोचायला साडेअकरा झाले. केंद्र म्हणजे तीन खोल्या, पुढं व्हरांडा. कोपऱ्यातली खोली बाळांची. तिच्या पश्चिमेच्या खिडकीखाली वॉर्मर, आणि खिडकीबाहेर, पायाखाली वीट घेऊन, आतल्या बाळाची आजी आत बघत उभी होती. खोलीत आईशिवाय कुणाला सोडत नसत, म्हणून घरची माणसं खिडकीतून बघायची, आणि त्यांच्यासाठी सिस्टरनं पडदा कायम एका बाजूला सारून बांधलेला असायचा.

वॉर्मरवर चार दिवसांची मुलगी होती. एक किलो सहाशे. तिची आई शेजारच्या स्टुलावर बसली होती. जीप कशाला आलीय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण जीपचं मागचं फळकूट उघडलेलं तिनं पाहिलं होतं.

सिस्टर गेली नऊ वर्षं या केंद्रात होती. आवाज कमी, नजर जास्त. तिनं फॉर्म वाचला, घडी घातली, परत दिला.

"मामा, मशीन नेलंत तर हिला पण न्यावं लागेल. याच जीपमधून. चार तास."

"दुपट्यात गुंडाळून..." भिंगरी म्हणाला आणि थांबला. जीपच्या खिडक्यांतून वारा कसा येतो ते त्याच्या कानांना अजून आठवत होतं.

"गेल्या थंडीत एकाला गुंडाळूनच पाठवलं होतं," सिस्टर म्हणाली. आईनं मान खाली घातली.

भिंगरीनं मीटर काढला. बाळाला आईच्या छातीशी दिलं, वरून चादर घातली, आणि त्यानं पाचव्यांदा सगळं तपासलं. मशीन शहाण्या मुलासारखं वागलं. बाहेरून आजी म्हणाली, "मी खिडकीत उभी असले ना, की ते नीटच चालतं. मी जेवायला गेले की बिघडतं."

"आजींचं वजन आहे मशीनवर," व्हरांड्यातून दमानं म्हणाला. सगळे हसले, आजीसुद्धा. हसून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "नाही, पण खरंच."

एक वाजला. भिंगरीचे पाय बससाठी सवयीनं दाराकडे वळले. सिस्टर दारात उभी राहिली.

"तीनपर्यंत थांबा."

"बाई, मशीन ठीक आहे. तीनला काय वेगळं होणार?"

"दर वेळी तुम्ही जाता आणि मग हे सुरू होतं. पाय गार पडतात बाळांचे आणि मशीन म्हणतं सदतीस. मी हातावर विश्वास ठेवू की आकड्यावर?" मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, "ती पाटी कुणाची?"

पाटी भिंगरीच्याच अक्षरात होती. एक्स्टेन्शन वायर लावायची नाही. मशीन याच प्लगवर चालवायचं. सहा वर्षांपूर्वी त्यानंच तो प्लग बसवून पाटी लावली होती.

"सहा वर्षं मी तुमची पाटी पाळली. तुम्ही माझे दोन तास पाळा."

तीनपर्यंत थांबायचं का, असं त्यानं दमानंला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय, मी झोपतो," आणि खरंच झोपला.

पण भिंगरीनं थांबायचं म्हणजे काय ते त्या केंद्रानं त्या दुपारी पाहिलं. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं गळका नळ बंद केला. मग दाराची बिजागरी. मग वजनकाट्याची तबकडी, जी नीट करायला कुणी सांगितलंही नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागं होतं, ते पुढं केलं, मग शंका आली म्हणून आपलं घड्याळ दमानंच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, झोपलेल्या माणसाचा हात उचलून. रुग्णांचं बाकडं डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठा घातला. शेवटी सिस्टरच्या टेबलावरचा स्टेपलर उघडला तेव्हा ती म्हणाली, "मामा, तो चालतोय."

"बघितलं फक्त."

अडीच वाजता ऊन खिडकीत आलं. आजी जेवायला गेली. पावणेतीनला सिस्टरनं बाळाच्या पावलाला हाताची मागची बाजू लावली आणि भिंगरीकडे पाहिलं.

आकडा होता सदतीस पूर्णांक तीन. सळई विझलेली.

"पाय?"

"गार."

तीस वर्षांत मशीननं त्याच्या तोंडावर खोटं बोलण्याची ही पहिली वेळ. त्यानं मीटर लावला. करंट बरोबर. प्रोबची वायर हलवून पाहिली. बरोबर. मग त्याला जे नेहमी व्हायचं ते झालं, पाय सुटले. खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून खाटेपर्यंत, मध्येच थांबून वायरकडे बघायचं, मान हलवायची, पुन्हा चालायचं. आई स्टुलावरून त्याच्याबरोबर डोळे फिरवत होती. सिस्टर आकड्याकडे बघत होती.

"मामा, एक सांगू? तुम्ही हलता तेव्हा आकडा हलतो."

"मी मशीनला हात लावलेला नाही."

"नाही, पण तुम्ही खिडकीजवळ थांबलात की खाली येतो. बाजूला झालात की वर जातो. तीनदा झालं."

तो खिडकीपाशी गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून स्तब्ध उभा राहिला. त्याची सावली बाळाच्या पोटावर पडली होती. आकडा खाली येऊ लागला. सदतीस एक. छत्तीस आठ. छत्तीस चार. सळई लाल झाली. तो बाजूला झाला. ऊन पुन्हा बाळाच्या पोटावरच्या प्रोबवर पडलं आणि आकडा चढू लागला.

मशीन खोटं बोलत नव्हतंच. प्रोब उन्हात तापत होता, मशीनला वाटायचं बाळ तापलं, ते सळई विझवायचं, आणि बाळ आपलं गार पडायचं. आजी खिडकीत उभी असली की तिच्या डोक्याची सावली पडायची आणि सगळं सुरळीत. आजी जेवायला गेली की बिघाड.

भिंगरीनं झटक्यात पडदा सोडला. खोली करडी झाली.

"पण सहा वर्षं खाट इथंच आहे," तो म्हणाला, निम्मं स्वतःशीच. "ऊनही तेच. मग तीन महिन्यांपूर्वीपर्यंत का नाही झालं?" मग वाकून प्रोबकडे पाहिलं. वर साधी पांढरी पट्टी होती. "चकचकीत चकती कुठं गेली? प्रोबवर चिकटवतात ती, आरशासारखी?"

"त्या यायच्या बंद झाल्या. पत्र आलं होतं, पन्नासच्या आत बाळं असलेल्या केंद्रांना साधी पट्टी वापरावी म्हणून. दोन जुन्या होत्या, त्या पुसून पुसून वापरल्या. मग चमक गेली."

खाली त्या चकत्यांचे डबे भिंगरीच्या टेबलाशेजारीच रचलेले असायचे. प्रत्येक बाळाला नवी. त्या चकतीवरून ऊन परत फिरायचं, म्हणून सहा वर्षं कुणाला काही कळलं नव्हतं.

आणि मग त्याची नजर खिडकीखालच्या प्लगवर गेली. प्लग तिथं का बसवला होता ते त्याला लख्ख आठवलं. विजेच्या मीटरची पेटी त्याच भिंतीबाहेर होती. आतल्या भिंतीपर्यंत वायर न्यायची तर दोन तास लागले असते, इथं वीस मिनिटांत काम झालं. एकची बस होती. वरून पाटीही लावून गेला होता, मशीन इथंच राहू दे म्हणून.

सिस्टरनं चहापत्तीच्या पाकिटाच्या आतला चंदेरी कागद कापला, स्पिरिटनं पुसला आणि पट्टीच्या वर चिकटवला. मग स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. तासभर बघू."

आणि भिंगरी बसला. खरंच. दमानं जागा होऊन पाणी प्यायला आला, त्यानं हे दारातून पाहिलं आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. भिंगरीचे गुडघे हलत होते, बोटं मांडीवर तबला वाजवत होती, पण बूड हललं नाही. छत्तीस सहा. छत्तीस सहा. छत्तीस सात. बाळ तोंड वाकडं करून जांभई देत होतं, एवढंसं तोंड, त्यात एवढी मोठी जांभई कशी मावते कळेना. चाळीस मिनिटांनी सिस्टर म्हणाली, "हात धुऊन या आणि पायाला हात लावा."

"मी मशीनला लावतो हात. बाळाला नाही."

"आज लावा."

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि बोटाची मागची बाजू त्या पावलाला टेकवली. पाऊल त्याच्या अंगठ्याएवढं होतं. कोमट होतं. पावलानं त्याला लाथ मारली.

"हिला पण बसवत नाही वाटतं," आई म्हणाली. दिवसभरातलं तिचं हे पहिलं वाक्य.

मग त्यानं वायर ओढायला घेतली. बाळ तेवढा वेळ आईच्या छातीशी. आतल्या भिंतीवर, जिथं ऊन कधी पोचत नाही, तिथं नवीन प्लग बसला. वायर धरायला दमानंला उभं केलं होतं. दोन ठिकाणी भिंत ठिसूळ निघाली, तिथं घाई न करता त्यानं पुन्हा भोक पाडलं. खाट हलवली आणि बाहेर आजी येऊन उभी राहिली.

"अगं बाई, मग मी आता कुठून बघू?"

खरंच होतं. खिडकीतून आता खाटेचा पाय तेवढा दिसत होता. भिंगरीनं खोलीभर नजर फिरवली. व्हरांड्याच्या दाराला काच होती, पण तिला कधीतरी पांढरा रंग फासला होता. त्यानं आजीला दाराबाहेर विटेवर उभं केलं, तिच्या नाकासमोर पेन्सिलनं खूण केली, आणि ब्लेडनं तळहाताएवढा चौकोन खरवडून काढला.

आजीनं चौकोनाला डोळा लावला. "दिसते. आता मी जेवायला गेले तरी चालेल ना?"

"चालेल, आजी. तुम्ही मगाशी सांगितलंत ते मी ऐकायला हवं होतं."

"माझं कोण ऐकतं," आजी म्हणाली, पण खुशीत.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. भिंगरी शिडी चढून वर गेला.

"साहेब, मशीन आणत नाही. पिवळ्या फॉर्मवर सही करत नाही."

"म्हणजे?"

"रिपोर्ट लिहिलाय. पहिलं कारण, प्लग चुकीच्या जागी बसवला. बसवणारा मी. दुसरं कारण, चकत्या बंद केल्या."

"कुणी बंद केल्या ते लिहिलंस?"

"पत्राचा नंबर लिहिलाय फक्त. सही तुमची आहे त्यावर."

"अरे, सहा महिन्यांवर रिटायरमेंट आली. स्वतःचं नाव कशाला घालतोस त्यात?"

"नाही घातलं तर माझ्या जागी येणारा पुन्हा तिथंच प्लग लावील. मीटर तिथंच आहे, साहेब. आणि बसही एक वाजताच आहे."

"ये खाली, मग बघू," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. चकत्यांचं काय ते बोलले नाहीत. पण सहीशिवाय मशीन बाद होत नव्हतं, तेवढं तरी हातात होतं.

तो शिडी उतरायला लागला. दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. तीन केंद्रं. तिन्ही प्लग त्यानंच बसवलेले, एकाच महिन्यात, एकाच घाईत. चकत्याही तिन्हीकडच्या बंद झालेल्या. पण तक्रार एकाच ठिकाणाहून आली. बाकी दोन ठिकाणांहून का नाही?

तो परत वर चढला आणि वाटेवरच्या दुसऱ्या केंद्राला फोन लावला. तिथली सिस्टर नवी होती, उत्साही आवाजाची.

"मशीन उत्तम आहे, मामा. काही प्रॉब्लेम नाही."

"आत्ता बाळ आहे त्यावर?"

"नाही. काल होतं. खाली पाठवलं. पाय सारखे गार पडत होते, कळेना का. मशीन तर सदतीस दाखवत होतं."

"मग तक्रार का नाही केली?"

"मशीनची? आकडा तर बरोबर होता ना. मला वाटलं बाळच तसं आहे."

भिंगरीनं फोन घट्ट धरला. "पोचलं ना ते? नीट पोचलं?"

"पोचलं, पोचलं. सात नंबरला ठेवलंय म्हणाले."

त्यानं श्वास सोडला. "तुमची खिडकी कुठल्या बाजूला आहे, बाई?"

"प्लगच्या वर. तुम्हीच बसवलाय ना तो?"

तो शिडी उतरला तो जवळजवळ घसरतच. उरलेली वायर, ड्रिल, दोन रिकामे स्विचबोर्ड, चंदेरी कागदाचं अख्खं पाकीट, हे सगळं जीपच्या मागं टाकलं, जिथं मशीन ठेवायचं होतं. सिस्टर पाटी हातात घेऊन बाहेर आली. "हिचं काय करू?"

"दुसरी लिहा. प्लग म्हणजे दगडावरची रेघ नाही म्हणावं. पाय गार लागले तर माझी पाटी बघू नका, मला फोन करा."

दमानं स्टिअरिंगमागं बसून वाट बघत होता. त्या केंद्रापर्यंत दीड तास होता आणि ऊन अजून डोंगराच्या खांद्यावर होतं. भिंगरीनं दार ओढून घेतलं, सीटवर बसला आणि उजवा पाय जमिनीवर दाबून ठेवला. या वेळी ब्रेक नव्हे, अ‍ॅक्सिलरेटर.

दमानंनं त्या पायाकडे पाहिलं. नेहमीचे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्यानं गिळले आणि गियर टाकला.